हात दिसायला हवेत

“बाय, फोन घेऊक इलात की भजनाक बसाक?” नार्वेकरांनी विचारलं.

त्यांचं विचारणं रास्तच होतं. कुडाळच्या बाजारातल्या त्यांच्या मोबाइलच्या दुकानात मी काउंटरपाशी उभी होते आणि माझी धाकटी बहीण ममता दुकानाच्या मधोमध, फरशीवर, मांडीवर आडवा पखवाज घेऊन बसली होती. एस.टी.तून येताना तो आम्ही लहान मूल धरावं तसा दोघींच्या मांडीवर धरला होता. डाव्या तोंडाला लावायची ओली कणीक ममताने डब्यातून आणली होती, ती लावून झाली होती.

“फोनच घेऊचो आसा,” मी म्हटलं. “पण आधी बघान.”

“मगे बघा की. ह्यो घ्या. तोंड एकदम गोरा येता ह्येच्यात.”

“माका तोंड नको. हात व्हये.”

नार्वेकरांना काही कळलं नाही. मी तो फोन घेतला, ममतासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, “वाजव.”

“हयसर?”

“हयसरच. रेला वाजव. जितक्या जलद येता तितक्या.”

रेला म्हणजे बोलांची धार. त्यात बोटं इतक्या वेगाने पडतात की ऐकणाऱ्याला एकेक थाप सुटी करता येत नाही, ओहोळाला लोट आल्यासारखं वाटतं. ममताने एकदा दाराकडे पाहिलं, मान खाली घातली आणि सुरुवात केली. काचेच्या कपाटातली फोनची कव्हरं थरथरली.

मी थोडंसं चित्रण केलं आणि लगेच ते संथ करून पाहिलं. पखवाज स्पष्ट होता. ममताची बांगडी स्पष्ट होती. मनगटाच्या पुढे मात्र बोटांच्या जागी नुसता पांढुरका फराटा होता.

“दुसरो दाखवा,” मी म्हटलं.

दुसऱ्यात तसंच. तिसऱ्यात तर फराटाही तुटक. तोवर दाराशी माणसं जमली होती. शेजारचा चपलांचा दुकानदार आला, बाजाराला आलेल्या दोघी बायका टोपल्या खाली ठेवून उभ्या राहिल्या, एक म्हातारे गृहस्थ हाताने ताल धरू लागले.

“ताई, पुरे गो,” ममता हळूच म्हणाली. “लोक बघतत.”

“बघूंदेत. चौथो दाखवा, नार्वेकरांनू.”

मी एवढी हटून का बसले होते, ते सांगायला हवं.

आमचे आबा, जयराम धुरी, पखवाज वाजवायचे. आमच्या भागात डबलबारी म्हणजे दोन भजनी मंडळांचा आमनेसामने सामना, त्याला गावंच्या गावं लोटतात. सामना ठरला की लोक आधी विचारायचे, पखवाजाला कोण? जयराम असेल तर माणसं लांबून चालत यायची. मग त्यांना टीबी झाला. इंजेक्शनांनी आजार गेला, पण जाताना कान घेऊन गेला. मशीन लावून पाहिलं. त्यातून त्यांना नुसती घरघर ऐकू यायची. एक दिवस त्यांनी ते काढून कपाटात ठेवलं आणि पुन्हा मागितलं नाही.

ममता लहानपणापासून त्यांच्याकडे शिकली. आबा पडवीत तिच्याकडे पाठ करून सुपारी कातरत बसायचे आणि न वळता सांगायचे, “तिसऱ्या बोटान वाजवलंस. दुसऱ्यान वाजव.” कुठलं बोट पडलं, कुठे पडलं, सगळं त्यांना पाठमोरं कळायचं. कान गेल्यावर सुरुवातीला ते तिच्यासमोर बसले, तिच्या हातांकडे टक लावून बघत राहिले. दोन-चार दिवसांनी उठले आणि म्हणाले, “कानाक जा कळायचा ता डोळ्यांक वाचूक जमणा नाय. तुझी बोटा लय धावतत.” त्यानंतर ममताने पखवाज काढला की आबा मागच्या परसात निघून जायचे. माडांना पाणी घालायचे, आळी उकरायचे. ती वाजवायची थांबेपर्यंत आत यायचे नाहीत.

ममता लीलाताई सामंतांच्या महिला भजनी मंडळात वाजवायची. वेंगुर्ल्याला त्यांची स्पर्धा झाली तेव्हा मी पुढच्या रांगेत बसून माझ्या जुन्या फोनवर चित्रण केलं. ममताला उत्कृष्ट पखवाजाचं बक्षीस मिळालं. लोक येऊन सांगत होते, काय दणका आहे पोरीच्या हातात, बापाचं नाव काढलं. मी मनात ठरवलं होतं की घरी जाऊन हे चित्रण आबांना संथ करून दाखवायचं. वेग नडतो ना, मग वेगच कमी करू.

आबांनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

“हात खंय आसत?” त्यांनी विचारलं.

मी बोटाने दाखवलं.

“हे हात? ह्यो तर धूर.” त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि कुदळ घेऊन परसात गेले.

त्या संध्याकाळी विहिरीवर ममता मला म्हणाली, “ताई, गणपतीपर्यंत वाजवतंय. मगे सोडतंय.”

“कित्या?”

“माका कळणा नाय मी बरा वाजवतंय की वायट.”

“बक्षीस गावला मा तुका.”

“लोक टाळ्ये कोणाकय वाजवतत.” तिने कळशीचा दोर विहिरीत सोडला. “चुकलंय काय ता सांगणारो एकच होतो. आता मी चुकीचा वाजवतंय आणि तसाच घट्ट होत जाता, असा वाटता माका. तेच्यापेक्षा नको.”

मी तेव्हा कुडाळच्या एका लॅबमध्ये काचेच्या पट्टीवरचं रक्त तपासायचे. नुसत्या डोळ्यांना त्यात लाल डागाशिवाय काही दिसत नाही. योग्य भिंग लावलं की पेशी सुट्या मोजता येतात. बोटं दिसत नाहीत म्हणजे भिंग चुकलंय, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. पुढच्या रविवारी मी तिला पखवाजासकट एस.टी.त बसवलं.

तर चौथा फोन. तो नवा नव्हता. कुणी मुंबईकर विकून गेला होता. नार्वेकर म्हणाले, “ह्येच्यात स्लो मोशन बरा आसा. पोरा उड्ये मारतानाचा काढतत.”

मी घेतलं. बोटं या वेळी थोडी सुटली, पण सगळं काळोखं झालं आणि वरून काळे पट्टे सरकू लागले.

नार्वेकर आता काउंटरच्या बाहेर आले होते. खांद्यावरून वाकून बघत म्हणाले, “ही ट्यूब नडता. तिचो उजेड एकसारखो नाय. भायर उन्हात बघा.”

आम्ही पखवाज उचलून दुकानाच्या पायरीवर नेला. जमलेल्या माणसांनी आपण होऊन जागा केली. ममताने पुन्हा रेला वाजवला. मी पाहिलं आणि फोन तिच्या हातात दिला.

पडद्यावर तिचं बोट उचललं जात होतं. किती सावकाश. ते खाली आलं, कातड्यावरच्या काळ्या शाईच्या कडेला टेकलं, कातडं त्याच्याखाली दबलं आणि पुन्हा वर आलं. मग दुसरं. मग दोन्ही एकदम.

“ह्या माझा?” ममता म्हणाली. ती बराच वेळ बघत होती. “ताई, माका स्वतःलासुद्धा ठाऊक नाय होता मी असा करतंय.”

नार्वेकर पिशवी शोधायला लागले होते. मी त्यांना थांबवलं. एकदा धूर दाखवून झाला होता, दुसऱ्यांदा आबांनी हातात घेतला नसता. त्यामुळे मला खात्री करून घ्यायची होती. म्हटलं, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून सुट्टी काढून आम्ही सावंतवाडीला नेल्सन फर्नांडिसकडे गेलो. तो लग्नांचं शूटिंग करायचा, शाळेत माझ्या वर्गात होता. त्याच्याकडे मोठा कॅमेरा होता, हातभर भिंगाचा. त्याने तो स्टँडवर लावला, दिवे लावले आणि ममताला वाजवायला सांगितलं. चित्र इतकं सुंदर आलं की ममताच्या कपाळावरचा घामाचा थेंबसुद्धा त्यात दिसला.

“ह्यो घेऊन जा,” नेल्सन म्हणाला. “स्पर्धा झाली की परत दी. तुका चालवूक शिकवतंय.”

मी चित्र पुन्हा पाहिलं. “नेल्सन, ह्यो लावूचो खंय?”

“प्रेक्षकांच्या पाठी. स्टँडार. थंयसून सगळा ओढून घेता ह्यो.”

“समोर झांजवाल्ये बायका असतत. बुवांची पेटी असता. आणि समोरसून पखवाजाचा पोट दिसता. हात दोनय बाजूक लपतत.”

“मगे बाजूक लाव.”

“बाजूक मंच संपता. थंय स्टँड ऱ्हवणा नाय, लोकांक दिसणा बंद होता.”

नेल्सन थोडा वेळ कॅमेऱ्याकडे आणि थोडा वेळ पखवाजाकडे बघत राहिला. मग विचारलं, “तुका बाकीचा काय दिसाक व्हया? बुवा, मांडव, लोक?”

“काय नको. फकस्त हात. हाताच्या उंचीवर, हातभर लांबसून.”

“मगे ह्यो कॅमेरा तुका नको,” तो म्हणाला. “तुझो फोनच घे. आणि उजेड बघ. उजेड नसलो तर दोनय सारखेच.” त्याने कपाटातून वीतभर उंचीचा एक तीन पायांचा स्टँड काढून दिला, तो मी तसाच पर्समध्ये टाकला. परतताना कुडाळला उतरून नार्वेकरांकडून चौथा फोन घेतला.

आता उजेडाचा प्रश्न उरला. पुढची स्पर्धा कणकवलीच्या एका देवळाच्या सभागृहात होती, दुपारनंतर. मी आधीच्या आठवड्यात जाऊन सभागृह बघून आले. खिडक्या उंच आणि लहान होत्या. पश्चिमेकडे एक रुंद दार होतं, त्यातून तिसऱ्या प्रहरी मंचाच्या डाव्या कोपऱ्यावर चांगलं ऊन पडायचं. उजव्या बाजूला फक्त ट्यूब.

लीलाताईंच्या घरी तालमीला गेले तेव्हा मी तो विषय काढला. लीलाताई मंडळाच्या बुवा. बाई असल्या तरी गाणाऱ्या प्रमुखाला आमच्याकडे बुवाच म्हणतात. उंच, ठसठशीत बाई, पेटीवर बोटं ठेवूनच बोलायच्या.

“पखवाज बुवाच्या उजव्याच हाताक बसता,” त्या म्हणाल्या. “माझ्या आयुष्यात मी तो डावीकडे बघूक नाय.”

“उजेड डावीकडसून येता, लीलाताई.”

“लायटी आसत मा थंय.”

“लायटीन बोटा दिसनत नाय.”

“सुगंधा, ही स्पर्धा आसा. परीक्षकांक वाटतला, ह्यांका बसाची रीतय ठाऊक नाय. गुण जातले.”

“जावंदेत.”

झांजवाल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी मंडळात नव्हते, मला गुणांवर पाणी सोडायचा काही हक्क नव्हता. ममताने माझा हात ओढला. “ताई, तुझ्या एका फोनापायी मंडळाचा कित्या घालवतंस?”

“लीलाताई,” मी म्हटलं, “ही गणपतीनंतर वाजवणा सोडतली आसा. तुमका सांगूक नाय तिणा.”

पेटीचा भाता थांबला. “खरा?” लीलाताईंनी ममताला विचारलं. ममता खाली बघत राहिली.

“आबांका हात दिसले तर ते बोलतले,” मी म्हटलं. “बरा म्हणतले की वायट, माका ठाऊक नाय. पण बोलतले.”

लीलाताईंनी पेटी बंद केली.

“माझो पयलो मांडव,” त्या म्हणाल्या, “तुझो बापूसच पखवाजाक होतो. बाई गाता म्हणान दुसरो कोण बसाक तयार नाय होतो. भियान माझो सूर वर चढलो आणि माका कळूक नाय. तो माका थांबवूक नाय, डोळे मोठे करूक नाय. तेणी पखवाज बारीक केल्यान. इतको बारीक, की माका माझोच सूर ऐकाक इलो. मी मांडवातच खाली इलंय. कोणाक पत्तो लागूक नाय.” त्यांनी ममताकडे पाहिलं. “बस डाव्या बाजूक. लोकांचा मी बघतंय.”

स्पर्धेच्या दिवशी आभाळ निरभ्र होतं. आमचं मंडळ मंचावर चढलं, ममता डाव्या कोपऱ्यात बसली तशी सभागृहात कुजबुज झाली. मी तिच्या उजव्या हाताच्या दिशेने, मंचाच्या पुढच्या कडेला, सतरंजीच्या घडीआड तो छोटा स्टँड ठेवला. फोन तिच्या तळहाताच्या उंचीवर आला. मला उजवा हात हवा होता. बोटांचं सगळं काम त्याच हाताचं असतं, आबा नेहमी त्याबद्दलच बोलायचे. डावा हात पखवाजाच्या पलीकडे होता, तो दिसणार नाही हे मी धरूनच चालले होते.

बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता आला. “मंचावर फोन ठेवायला परवानगी नाही.”

“मंचावर नाय, कडेक आसा,” मी म्हटलं. तो काही बोलणार तोच लीलाताईंनी पेटीवर सूर दिला आणि त्याला मागे सरावं लागलं.

पहिला अभंग झाला. मी वाट बघत होते ती गजराची. गजर म्हणजे भजनाचा शेवटचा चढता भाग, त्यात पखवाजाला मोकळं रान मिळतं. ऊन अगदी मनासारखं पडलं होतं, पखवाजाची वादीन् वादी सोन्यासारखी दिसत होती. तेवढ्यात परीक्षकांपैकी एकाने डोळ्यांवर हात धरला. दारातून येणारं ऊन त्यांच्या तोंडावर येत होतं. त्यांनी खूण केली आणि तोच कार्यकर्ता दार लावायला निघाला.

मी त्याच्या आधी पोचले आणि दाराच्या चौकटीत उभी राहिले.

“बाई, बाजूला व्हा.”

“दार उघडा रवांदे.”

“सरांच्या डोळ्यांवर ऊन येतंय.”

मी तशीच परीक्षकांकडे गेले. मंचावर अभंग चालू होता. त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, “सर, खुर्ची जरा इकडे सरकवता? दार बंद झालं तर माझ्या वडिलांना हात दिसणार नाहीत.”

त्यांनी माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं पाहिलं. वडील कुठे आहेत, म्हणून इकडेतिकडेही पाहिलं. मग मी टळावी म्हणून असेल, पण खुर्ची सरकवली. मी पळत दारात परत आले आणि भजन संपेपर्यंत पाठीने दार धरून उभी राहिले. वारा सुटला होता, दार सारखं पाठीवर येत होतं.

गजर सुरू झाला. ममताचा पखवाज सभागृहभर घुमला. छताचे पत्रे वाजतात की काय असं वाटलं. लोक उठून उभे राहिले. लीलाताईंचा आवाज मधेमधे बुडत होता, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, गजर असाच असतो. आमच्या मंडळाचा नंबर आला नाही. लीलाताईंनी तो विषयसुद्धा काढला नाही.

सकाळी आबा पडवीत सुपाऱ्या सोलत बसले होते. मी समोर बसले, त्यांचं लक्ष माझ्या ओठांकडे जाईपर्यंत थांबले आणि म्हटलं, “एकदा बघा. धूर नाय.”

“नको,” ते म्हणाले.

मी फोन त्यांच्यासमोर धरून ठेवला. ते सुपारी सोलत राहिले. माझा हात दुखायला लागला, मी दुसऱ्या हातात घेतला. आबांनी शेवटी कोयती बाजूला ठेवली, हात लुंगीला पुसले आणि फोन घेतला.

पडद्यावर उन्हात ममताचा उजवा हात होता. बोट उचललं जात होतं, टेकत होतं, सुटत होतं. आबा पुढे झुकले. त्यांचे ओठ हलायला लागले, बोल म्हणत होते, आवाजाशिवाय. त्यांची स्वतःची बोटं गुडघ्यावर चालू लागली. चित्रातल्या बोटांच्या आधी किंचित पडत होती, पुढे काय येणार ते ठाऊक असल्यासारखी. मी आत बघितलं. ममता माजघराच्या दारात उभी होती.

मग आबांची बोटं थांबली.

“पाठी घे,” ते म्हणाले.

मी मागे घेतलं. त्यांनी पाहिलं. पुन्हा मागे घ्यायला लावलं. या वेळी ते उजव्या हाताकडे बघत नव्हते. पखवाजाच्या पलीकडून, वरच्या कडेवरून, काहीतरी वर येत होतं आणि खाली जात होतं. ममताचा डावा हात. जो दिसणार नाही असं मी धरलं होतं, तो पखवाजाच्या वर पुरा दिसत होता. खांद्यापर्यंत जात होता आणि तिथून खाली कोसळत होता.

“ममता,” आबांनी हाक मारली. कान गेल्यापासून त्यांचा आवाज मोठा झाला होता, पण ही हाक तशी नव्हती. ती येऊन समोर बसली.

“उजवो बरो आसा,” ते म्हणाले. “ह्यो डावो कोणाचो?”

तिने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

“माझ्याकडे असताना ह्यो हात असो जाय नाय होतो. चार बोटांच्या वर जाय नाय होतो. खंय शिकलंस ह्या?”

“खंय नाय.”

“मगे कोणाक मारतंस?”

ममताने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “तुम्ही परसात जायचात. मी जोरात वाजवायचंय. वाटायचा, जमनीतसून तरी कळतला. माडाच्या मुळातसून तरी कळतला तुमका.” तिने डावा हात उचलून दाखवला. “रोज थोडा थोडा जास्त. मगे हाताक तीच सवय लागली. लोकांकय आवाडला.”

आबांनी ते सगळं तिच्या ओठांवरून वाचलं की अर्धंच, मला माहीत नाही. समोर माडावर कुणीतरी चढलं होतं, वरून झावळी पडली. त्याचा आवाज आम्हा दोघींना आला, त्यांना आला नाही.

“माका ऐकाक येणा नाय तर नाय,” ते शेवटी म्हणाले. “तेची शिक्षा पखवाजाक कित्या? तेणा काय केल्यान?”

ममता हुंदका आणि हसू यांच्यामधलं काहीतरी करत म्हणाली, “चुकलंय मा मी?”

“चुकलंस. लय चुकलंस.” त्यांनी सुपारीचं सूप पायाने बाजूला सारलं. “हाड पखवाज. आता.”

तिने पखवाज आणला, मांडीवर घेतला. आबा तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. त्यांनी स्वतःचा उजवा तळहात उताणा न करता, पालथा, पखवाजाच्या डाव्या तोंडाजवळ हवेत धरला, चार बोटं अंतर ठेवून. जणू तिच्या हाताला छप्पर घातलं.

“ह्येच्या वर जाव नको,” ते म्हणाले. “वाजव. बारीक.”

तिने वाजवलं. पहिल्याच थापेला तिचा हात त्यांच्या हातावर आपटला. आबांनी मान हलवली. पुन्हा. पुन्हा आपटला. ती दात खाऊन वाजवत होती आणि हात सवयीने वर जात होता, आणि दर वेळी आबांच्या तळव्यावर आपटून खाली येत होता. त्यांचा तळवा लाल झाला होता. त्यांनी तो काढला नाही.

मी मधेच कधीतरी फोन त्या दोघांवर धरला होता. किती वेळ गेला कळलं नाही. पखवाज हळूहळू बारीक होत गेला. मला इतक्या वर्षांत ठाऊक नसलेला एक नाद त्यातून यायला लागला, खोल आणि गोल. थापा अजून अधूनमधून आबांच्या हाताला लागत होत्या, पण आता नुसत्या चाटून जात होत्या. मग त्याही थांबल्या. आबांनी तळवा एकदा काढून बघितला. तिचा हात चार बोटांवरच राहिला.

माझ्या डोळ्यांना धार लागली होती, पडदा दिसत नव्हता. मी फोन खाली घ्यायला लागले.

आबा ममताच्या हातावरची नजर न काढता मला म्हणाले, “चालू ठेव.”